हिरामणनं पाठ दिली

बसा की राव. या कट्ट्यावर ऊन येत न्हाई, मी बघूनच बसलोय. वर जायचंय? मग तुमालाबी थांबावं लागंल. वॉचमन म्हणतोय, लिफ्टवाला पनवेलवरनं निघालाय. निघालाय म्हंजे अजून चहा पितोय. तवर तुमाला एक गोष्ट सांगतो. माझीच हाय, पण माझी बाजू घेऊन सांगणार न्हाई, एवढा शब्द देतो. शेवटाला कळंल, कडक इस्त्रीची टोपी घालून हा म्हातारा तळोज्याच्या या बिल्डिंगीखाली एकटाच का बसलाय.

माझी माणसं वर गेली, चौथ्या मजल्यावर. बायको, ल्योक, सून, नात. ल्योक म्हणाला, "आबा, मी धरतो, हळूहळू चढू." मी म्हटलं, "कोंडिबा मुकादमाला धरून न्यायचे दिस अजून यायचेत. व्हा पुढं." गेली. आता वरनं मटणाचा वास येतोय, आला का तुमाला? ईस्टरचं जेवण हाय. त्या जेवणाला मी तेहतीस वर्षं उशिरा आलोय.

वाशीच्या दाणाबाजारात कुणालाबी विचारा, कोंडिबा मुकादम कोण. बावीस गड्यांची टोळी होती माझी. शंभर किलोची गोणी होती तवा, आताच्यासारखी पन्नासची न्हाई. एकवीस जण आमच्या सातारकडचे आणि एक नगरकडचा. तो हिरामण. ख्रिस्ती माणूस. बुटका, पण कमरेत लोखंड. आमी जेवायला बसलो की तो डोळे मिटून दोन शब्द पुटपुटायचा, मग भाकरी मोडायचा. पोरं चेष्टा करायची, "हिरामण, तुझ्या देवाला सांग गोणी हलकी कर." तो म्हणायचा, "त्यानं त्याची उचललीय. तुझी तू उचल." तेवढंच. लई बोलायचं काम न्हाई.

आता आमच्या टोळीतली एक रीत सांगतो, ती कळल्याबिगर पुढचं कळणार न्हाई. ट्रकातनं गाळ्यात फळी टाकलेली असती. त्या फळीवर, पाठीवर गोणी असताना कवा कवा गड्याचे पाय लटपटतात. उपाशी असतो, ताप असतो, काय बी. गोणी खाली टाकता येत न्हाई. टाकली तर फुटणार, आणि मागनं येणारा गडी त्यावर पडणार. मग तो ओरडतो, "पाठ दे!" पुढचा रिकामा गडी फिरतो, वाकतो, पाठीला पाठ लावतो आणि ती गोणी सरकवून आपल्यावर घेतो. लोकांत पाठ दाखवली म्हंजे पळाला. आमच्यात पाठ दिली म्हंजे दुसऱ्याचं ओझं घेतलं. आणि दिलेल्या पाठीचं नाव परत काढायचं न्हाई, ना देणाऱ्यानं ना घेणाऱ्यानं. मी शेकडो वेळा पाठ दिली. पण "पाठ दे" असं कोंडिबाच्या तोंडातनं कुणी ऐकलं न्हाई. एकदाबी न्हाई. याची मला लई मिजास होती. अजून हाय थोडी, खोटं कशाला बोलू.

तर आता तीन आठवड्यामागची बैठक.

माझी नात उत्कर्षा. खारघरला फिजिओथेरपीचा दवाखाना चालवते. लोकांच्या पाठी नीट करते. बघा, आमी जन्मभर मोडल्या, ती जोडते. तिच्याकडं एक पोरगा आपल्या म्हाताऱ्याला घेऊन यायचा. पोरगा तेजस, द्रोणागिरीला कंटेनरच्या गोदामात सुपरवायझर. म्हातारा वर्षभर आला, मग वारला. पोरगा मात्र येत राहिला. आता त्याची पाठ तर धडधाकट होती. मग कळलंच आमाला काय ते.

तेजस साळवे. साळवे म्हटल्यावर मी इचारलं, कुठले? नगरकडचे. म्हातारा म्हंजे हिरामण.

पोराचे आईबाप नगरला असतात. म्हणून बैठकीला आली ती त्याची आजी, शेवंताबाई. हिरामणची बायको. खारघरला माझ्या ल्योकाच्या, उदयसिंहाच्या फ्लॅटवर, चौदाव्या मजल्यावर. सोफ्यावर टेकून बसली न्हाई बाई, ताठ बसली. गळ्यात काळ्या दोऱ्यात लाकडी क्रूस. मला बघितलं आणि म्हणाली, "सलाम, मुकादम."

बस्स. तेहतीस वर्षांनी एवढंच. मी नुस्ती मान हलवली.

उदयच्या मनात काय होतं ते सांगतो, बाप हाय त्याचा. त्याचे चार टेम्पो हायत तुर्भ्याला. मार्केटात मान हाय, आणि तो मान माझ्या नावावर उभा हाय. 'मुकादमाचा पोरगा' म्हटलं की लोक खुर्ची देतात. त्याला पोरगी जातीबाहेर देण्याचा राग होताच. पण त्याहून जास्त भीती होती, लोक काय म्हणतील त्याची. ते सरळ बोलता येईना, म्हणून त्यानं गाडी धर्मावर घातली.

"मावशी, राग मानू नका," तो म्हणाला, "पण हा क्रूस म्हंजे फाशी द्यायचं लाकूडच ना? मेलेल्या माणसाची खूण गळ्यात कशाला घालायची?"

तेजस पुढं सरकला. आजीनं गुडघ्यावर हात ठेवून त्याला बसवलं.

"दादा, त्यानं आमच्यासाठी खंडणी भरली," ती म्हणाली. "जिवाची."

झालं! खंडणी शब्द ऐकला आणि आमचा उदय सोफ्यातनं उठलाच. "खंडणी? मावशी, माझ्या घरात तो शब्द काढू नका! माझ्याकडं आलती पोरं खंडणी मागायला, गाडीमागं एवढे द्या म्हणून. नाक फुटलं माझं, सहा टाके पडले, पण एक रुपाया दिला न्हाई! आमच्या घरात खंडणी भरणारा कुणी जन्मलाच न्हाई."

"पप्पा," उत्कर्षा म्हणाली, "ती खंडणी वेगळी."

"खंडणी ती खंडणी! देवाला कोण धमकी देणार? तुमचा देव एवढा मोठा, मग तो भरतोय कुणाला? कुठल्या दादाला?"

सून आत कुकरपाशी उभी होती, ती फसकन हसली. मलाबी हसू आलं. शेवंताबाईसुद्धा तोंडाला पदर लावून हसली, मग म्हणाली, "बरोबर विचारलंस. आमच्या चर्चचे पाळकसाहेब सांगतात, यावर शिकल्यासवरल्या लोकांनी लई डोकी खाजवलीत, की भरली ती कुणाला. जुन्या काळी वेढा पडला की खंडणी देऊन अख्खं गाव सोडवायचे, तसला तो शब्द. मी चौथी शिकलेली. मला विचारशील तर कुणाला भरली ते मला ठाऊक न्हाई. सुटलं कोण, एवढं ठाऊक हाय."

हे बोलताना ती माझ्याकडं बघत नव्हती. चहाच्या कपाकडं बघत होती. पण मला वाटलं, सगळी खोली माझ्याकडं बघतीय.

उदय काय हटतोय? "बळी आमच्यातबी असतो की. आमीबी जत्रेत देवाला बोकड देतो."

"तुमी देवाला देता," ती म्हणाली. "आमच्यात देवानंच दिलं. उलटं हाय ते. स्वतःचं लेकरू."

आता माझी बायको, शकुबाई. ती दारात पाटावर बसली होती, मगापासून एक शब्द बोलली नव्हती. तिनं मला नंतर सांगितलं, तिच्या मनात तवर एवढंच होतं, की ही बाई कधी एकदा उठते. पण लेकराचं नाव निघालं आणि तिच्या तोंडून गेलं, "आणि त्याच्या आईला कुणी इचारलं?"

शेवंताबाई तिच्याकडं वळली. "न्हाई इचारलं बाई. तिथंच, क्रूसापाशी उभी होती ती. खाली. बघत."

शकुबाईचा एक पोरगा गेलाय, अडीच वर्षांचा होता, उदयच्या पाठचा. ती उठली, शेवंताबाईचा गार झालेला कप उचलला, आत गेली आणि नवा चहा घेऊन आली. आलं घालून. आमच्या घरात आल्याचा चहा कुणाला मिळतो ते मला ठाऊक हाय. उदयलाबी ठाऊक हाय. त्यानं वळखलं की आई फुटली.

म्हणून मग त्यानं राखून ठेवलेला दगड बाहेर काढला.

"बरं, देवाधर्माचं जाऊ द्या. माणसाचं बोलू. टोळीतल्या पंढरीकाकाचा पाय कुणी घालवला? अख्खं मार्केट जाणतं. तुमच्या म्हाताऱ्यानं थप्पी लावली, आडवा थर घातला न्हाई, थप्पी पडली. पंढरीकाका तेव्हापासनं काठीवर हाय. टोळीनं हिरामणला बाहेर काढला. असल्या घरात मी पोरगी दिली तर पंढरीकाकाला काय तोंड दाखवू?"

थप्पी म्हंजे गोण्यांची रास हो. एक थर उभा, एक थर आडवा, असं रचायचं. मग गोणी गोणीला धरती. आडवा थर वगळला की उंची झटक्यात वाढती, पण पोटात धरायला कुणी नसतं.

मी त्या पोराकडं बघत होतो. मला वाटलं, आता हा चिडंल न्हाईतर रडंल. तेजस उभा राहिला. शर्ट नीट केला. आणि म्हणाला, "हो काका. आमच्या आजोबांची चूक होती ती. त्यांनी तिथंच, सगळ्यांसमोर कबूल केली होती. माझ्या बाबांना त्यामुळं मार्केटात कुणी उभं केलं नाही, म्हणून ते नगरला परत गेले. आम्ही काही लपवत नाही. तुमची मुलगी मागतोय ती हे सगळं सांगूनच मागतोय. तिला पहिल्या महिन्यातच सांगितलंय."

मान खाली न्हाई घातली त्यानं. जे त्याचं नव्हतंच ते पाठीवर घेऊन असा ताठ उभा होता, जसा हिरामण फळीवर.

माझे पाय लटपटले. बसलेला होतो, तरी लटपटले.

"थप्पी मी लावली होती," मी म्हटलं.

कुणाला ऐकूच गेलं न्हाई. कुकरची शिट्टी झाली. मग मी मोठ्यानं म्हटलं, टोळीला हाक मारायचो तसा, "थप्पी मी लावली होती! गप बसा सगळे आणि ऐका."

आणि सांगितलं. तुमालाबी सांगतो. त्या दिवशी गावच्या जत्रेला जायची गाडी सहाला सुटणार होती. माझा बोकडाचा नवस होता. देवाला बोकड द्यायची घाई, म्हणून मी थर वगळला. वरच्या चार रांगा उभ्याच लावल्या. पाच वाजता थप्पी पडली. खाली पंढरी.

आमच्या टोळीचा कायदा असा की ज्याची थप्पी पडली तो बाहेर. बाहेर म्हंजे त्या बाजारात परत पाठ लावायची न्हाई. पंढरीला दवाखान्यात पोचवलं आणि गाळ्यामागं टोळी बसली. कुणी लावली? लोक म्हणतील, मी तोंड उघडणारच होतो. उघडणार नव्हतो. तेवढ्यात हिरामण उठला आणि म्हणाला, "आडवा थर माझ्याकडनं राहिला."

नंतर नळावर मी त्याला गाठला. "का केलंस?" त्यानं हात धुतले, तोंडावर पाणी मारलं. म्हणाला, "मुकादम गेला तर टोळी फुटंल. बावीस चुली. मी गेलो तर एक." मग जाताना म्हणाला, "परवा रविवारी आमचा ईस्टर हाय. जेवाय या." एवढंच. जसं काय झालंच न्हाई.

रातच्या गाडीनं जत्रा करून मी रविवारी सकाळी परतलो, तरी गेलो न्हाई. कसा जाणार? कुठल्या तोंडानं त्याची भाकरी मोडणार? सोमवारी गेलो, पन्नास किलो आंबेमोहोर घेऊन. हिरामण बघत राहिला. दुसऱ्या दिवशी ही शेवंताबाई तो तांदूळ हातगाडीवर घालून माझ्या दारात ठेवून गेली. मला राग आला हो! मी म्हटलं, माजली. मी परत कवा त्या वाटेला गेलो न्हाई. हिरामण इकडं तळोज्याला एका कंपनीत वॉचमन झाला, आणि मी मार्केटात मान खात राहिलो.

एवढं बोललो आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

पहिली शकुबाई बोलली. "त्या जत्रंत तुमी जेवला नव्हता. मी म्हटलं, पंढरीचं दुःख हाय." तिनं माझ्याकडं असं बघितलं, की पन्नास वर्षांच्या संसारात तसं बघितलं नव्हतं. "त्या बोकडाचं वाटं मी घरोघर दिलं, अवं. हिरामणच्या जिवाच्या किमतीचं."

उदय खिडकीकडं तोंड करून उभा. आणि तेजस? तो माझ्याकडं न्हाई, आजीकडं वळला. आवाज फाटला पोराचा.

"आज्जी, तुला माहीत होतं?"

"त्याच दिवशी सांगितलं मला त्यांनी."

"आणि तू गप्प? बाबांना लोक थप्पीवाला म्हणायचे, तू गप्प? एकदा बोलली असतीस!"

"बोलले असते तर ते परत मागितल्यागत झालं असतं रे," ती म्हणाली. "त्यांनी देऊन टाकलेलं मी परत मागू? मग दिलं ते कसलं?"

"पण चूक ह्यांची होती!"

"मग? चूक नसणाऱ्याला पाठ कशाला लागती?"

पोरगा गॅलरीत निघून गेला. उत्कर्षा मागं गेली. मला वाटलं, गेलं. लग्न गेलं, नात गेली, माझं नाव गेलं. सगळं एका दुपारी. तिकडं काय बोलणं झालं ते मला तिनं नंतर सांगितलं. ती त्याला म्हणाली, "तुझे आजोबा दर वेळी मला विचारायचे, 'घरचा म्हातारा जेवतो का नीट?' मी हसायचे. मला वाटायचं, जुनी माणसं, सहज विचारत असतील. तेजस, त्यांनी माझं आडनाव पहिल्या दिवशीच वाचलं होतं. वर्षभर मी त्यांची मान चोळली. माझ्या आजोबांच्या मानेवर आहे तसाच घट्टा, तिथंच. एकदाही बोलले नाहीत. रागावलेला माणूस असं विचारत नाही रे."

पोरगा काय बोलला ते तिनं सांगितलं न्हाई. त्यांचं त्यांच्यापाशी.

आत उदय वळला. माझा ल्योक हाय तो, माझ्यासारखाच. त्याला मोकळ्या हातानं उभं राहता येत न्हाई. म्हणाला, "मावशी, लग्नाचा सगळा खर्च आमचा. हॉल, जेवण, सगळं. तेजसच्या बाबांच्या नावावर मी एक टेम्पो करून देतो. नगरला पाठवतो. आजच."

शेवंताबाईनं त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मुकादम," ती म्हणाली, "ह्यो बी तांदूळ घेऊन आला की!"

आणि हसली राव. खदाखदा हसली. शकुबाईनं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि मग तीबी हसली, डोळे पुसत पुसत. दोघी म्हाताऱ्या हसतायत आणि आमी दोघं बापल्योक कान पाडून बसलोय.

"दादा, ऐक," ती उदयला म्हणाली. "तुझ्या आबानं थप्पी पाडली म्हणून हिरामणला राग नव्हता. आबा जेवाय आला न्हाई, त्याचं वाईट वाटलं त्यांना. त्या रविवारी ताट वाढून चार वाजेपर्यंत बसले. म्हणाले, 'त्याला वाटतंय मी उसनं दिलंय. आपला देवबी असाच ताट वाढून बसतो, आणि लोक दारात तांदूळ टाकून पळतात.' सुटलेल्या माणसानं परतफेड न्हाई करायची रे. येऊन बसायचं."

मी म्हटलं, "बाई, मी जन्मभर फुकटचं खाल्लं न्हाई."

"तेहतीस वर्षं खाताय की," ती म्हणाली. "नुस्तं बसून न्हाई खाल्लं. चोरून खाल्लं."

खरं होतं.

तेवढ्यात दोघं गॅलरीतनं आत आली. तेजसचे डोळे लाल होते, पण तो माझ्यासमोर येऊन बसला. नातीनं मात्र मला सोडलं न्हाई. अशी पोरगी पैदा झालीय आमच्या घरात! माझ्यापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा, त्यांनी माफ केलं ते त्यांचं. पण पंढरीआजोबांना कोण सांगणार? आणि मार्केटात? माझ्या सासऱ्यांना अजून लोक थप्पीवाला म्हणतात."

'सासऱ्यांना' म्हणाली. उदयनं ऐकलं. मान खाली घालून एकदा हलवली फक्त. ती झाली आमची सुपारी.

दुसऱ्या दिवशी गेलो कोपरखैरण्याला, पंढरीच्या घरी. उदय बरोबर आला, मी सांगितलं नव्हतं तरी. पंढरीनं सगळं ऐकलं. मग काठी उचलली आणि हाणली माझ्या मांडीवर. हे बघा, अजून निळं हाय. उदय मधी पडायला गेला, मी त्याला मागं सारला. म्हटलं, पंढरी, अजून एक हाण. पंढरी म्हणाला, "हात दुखतोय. उद्या ये." मी दुसऱ्या दिवशी परत गेलो. त्यानं चहा दिला. मला म्हणाला, "मी हिरामणच्या मयताला गेलो न्हाई रे कोंड्या. तुझ्यामुळं." ते मात्र काठीपेक्षा लागलं. त्याचं काय करायचं ते मला अजून कळलं न्हाई.

मग आदितवारी गाळ्यामागं, त्याच जागी, टोळीतले राहिलेले नऊ म्हातारे आणि त्यांची पोरं जमवली. उभं राहून सांगितलं. कुणी शिवी दिली, कुणी उठून गेलं. गेलेल्यात माझा सख्खा मावसभाऊ हाय. पण एक जण, ऐंशीचा म्हातारा, काठी आपटून म्हणाला, "मंग आपल्या टोळीत असला गडी होता म्हणा की!" आणि माझी छाती फुगली. खरं सांगतो. माझं नाव गेलं आणि छाती फुगली, असं कवा झालं होतं? बावीसातला एक गडी तो. मी मुकादम होतो त्याचा. आता पोरं त्या गाळ्यामागच्या जागेला हिरामणची जागा म्हणायला लागलीत. मी मेल्यावर माझं नाव राहिलं न्हाई तरी चालंल, ते राहिलं पाहिजे.

ते शिकलेले लोक डोकं खाजवतात ना, खंडणी भरली कुणाला? मी तीन आठवडे त्याच्यावर इचार केला. माझ्या डोक्यात एवढंच येतं. फळीवर गडी लटपटला आणि दुसऱ्यानं ओझं घेतलं, तर कुणी विचारतं का, की ओझं दिलंस कुणाला? ओझं असतंच, ते कुणावर तरी येणारच. त्यानं ते घेतलं. खाली पडू दिलं न्हाई, मागच्यावर जाऊ दिलं न्हाई. मला त्यांच्या देवाचं लई कळत न्हाई, मी माझा खंडोबा सोडणार न्हाई, आणि नात कुठं जायची ती तिची ती बघंल. पण पाठ देणं मला कळतं. त्यात मला कुणी शिकवू नये.

ऐका, वर शेवंताबाईच्या घरात भांडी वाजली. पानं मांडतायत. हिरामणसारखी शेवंताबाईबी ताट वाढून बसंल, चार वाजेपर्यंत.

लिफ्ट काय येत न्हाई. आणि खरं सांगू का, लिफ्टचं नुस्तं निमित्त हाय. चार जिने मी अजून रांगत का होईना चढलो असतो. पण चढून गेलो असतो तर परत माझ्याच जोरावर गेलो असतो. मग हिरामणकडं जेवायला गेलो असं कसं म्हणायचं?

तुमचा आवाज माझ्यापेक्षा मोठा दिसतोय. एक काम करा की राव. उभे राहा, वर तोंड करा, चौथा मजला, ती हिरव्या पडद्याची खिडकी. हाक मारा, "तेजस!" आणि सांगा त्याला, खाली कोंडिबा म्हणतोय, "पाठ दे."